एका खेळपट्टीएवढं अंतर

मुंबईतल्या दिंडोशीत मेट्रोचं स्टेशन आहे, बसचा डेपो आहे, सत्र न्यायालय आहे, फिल्म सिटीकडे जाणारा चढ आहे आणि मागे राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. नाही ती गोल्फचा चेंडू मनसोक्त मारता येईल अशी सपाट जागा. इथल्या गोल्फरला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून वीस किलोमीटरच्या वर जाऊन चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं १९२७ सालचं मैदान गाठावं लागतं, नाहीतर खाडी ओलांडून खारघर. शहरात १९१८ चा विलिंग्डन क्लब आहे आणि कुलाब्याला यूएस क्लब, पण सभासदत्व नसेल तर दोन्ही असून नसल्यासारखेच. म्हणजे खेळ रविवारी पहाटे, आणि उरलेले सहा दिवस खुर्ची, गाडी, पुन्हा खुर्ची. पन्नाशी ओलांडलेल्या अशा माणसाची एक ठरलेली तक्रार असते : पूर्वी ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने, मारलेला चेंडू सहज दोनशेवीस यार्ड जायचा, आता दोनशेला टेकतो. वीस यार्ड म्हणजे जवळपास क्रिकेटची एक खेळपट्टी. हे अंतर स्विंग दुरुस्त करून परत मिळतं का, हा प्रश्न गोल्फइतकाच जुना आहे आणि त्यावर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडलेला आहे. उपलब्ध मोजमापं एकत्र वाचली तर उत्तर बरंचसं होकारार्थी येतं. मात्र ते आपण शोधतो त्या जागी सापडत नाही. गेलेल्या अंतराचा मोठा वाटा ताकदीचा नसून फटक्याच्या ठिकाणाचा आणि दिशेचा असतो. उरलेला वाटा शरीराचा असतो, आणि तो स्विंगमध्ये शोधणाऱ्याचा स्विंगही बिघडतो.

सुरुवात चेंडूपासून केलेली बरी, कारण चेंडूला मारणाऱ्याचं वय कळत नाही. ड्रायव्हरचं डोकं आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात आटोपते. तेवढ्या वेळात डोक्याचा वेग, चेंडू तोंडाच्या कोणत्या जागी लागला, आणि डोकं वर चाललं होतं की खाली, मुख्यतः एवढंच चेंडूपर्यंत पोहोचतं. डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम. चेंडू नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तोंडाच्या उसळीवरही नियमाची मर्यादा आहे, ०.८३ च्या आसपास. हे आकडे टकरीच्या शालेय समीकरणात घातले की चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या साधारण दीडपट निघतो. याच्या वर कोणालाच जाता येत नाही, जगज्जेत्यालाही नाही. खाली मात्र कितीही घसरता येतं, आणि हौशी खेळाडू तिथेच घसरत असतो. ताशी ९० मैलांनी फिरलेला ड्रायव्हर मधोमध लागला तर चेंडू १३५ मैलांनी सुटतो. तोच फटका टाचेकडे किंवा टोकाकडे सरकून दीडाचा १.४ झाला, तर १२६ वर येतो. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे ढोबळमानाने दोन यार्ड. याचा अर्थ दंडातली ताकद, कमरेचं वळण, उत्साह यांपैकी काहीही कमी न होता अठरा यार्ड गेले. खेळपट्टी जवळपास इथेच संपली.

हे कागदावरचं गणित नाही. ट्रॅकमॅन नावाच्या रडारयंत्राने जमवलेल्या सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. चौदा-पंधरा हँडिकॅपच्या, म्हणजे मध्यम दर्जाच्या, हौशी पुरुषाच्या ड्रायव्हरचा वेग साधारण ९३ मैल. अमेरिकेच्या महिला व्यावसायिक दौऱ्यावर, एलपीजीएवर, तो ९४. म्हणजे वेग जवळपास एकच. पण पुरुषाचा चेंडू हवेतून २०४ यार्ड जातो आणि त्या महिलांचा २१८. त्यांचा चेंडू डोक्याच्या वेगाच्या १.४९ पट वेगाने सुटतो, याचा १.४२ पट. त्यांच्या ड्रायव्हरचं डोकं चेंडूला भेटतं तेव्हा सुमारे तीन अंश वर चाललेलं असतं, याचं दीडेक अंश खाली. त्यांच्या चेंडूची फिरकी मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या आसपास, याची ३२०० च्या पुढे. जादा फिरकीचा चेंडू हवेत फुगतो, वर चढतो आणि दमून खाली येतो. हेच चौदा यार्ड निव्वळ वेगाने भरून काढायचे तर या गृहस्थाला ड्रायव्हर पाच-सहा मैल जास्त वेगाने फिरवावा लागेल, आणि पंचावन्नाव्या वर्षी पाच-सहा मैल वाढवणं म्हणजे काय ते ज्याने प्रयत्न केला आहे त्याला विचारावं. तरीही क्लबच्या सरावजागेवर जाऊन पाहा : अंतर गेल्याची शंका आलेला माणूस पहिलं काय करतो, तर आणखी जोरात मारतो.

ड्रायव्हरचं डोकं खाली चाललेलं असणं हा आपल्याकडे विशेष चिवट रोग आहे, आणि त्याचं मूळ बहुधा शिवाजी पार्कात आणि गल्लीतल्या खेळात आहे. मराठी माणसाच्या हातात गोल्फची काठी येते तेव्हा त्या हाताला बॅट आधीच ठाऊक असते. चेंडू जमिनीवर ठेव, आपलं डोकं चेंडूवर ने, वरून खाली ये, ही शिकवण मुंबईच्या फलंदाजीचा कणा. ती लोखंडी काठ्यांना, म्हणजे आयर्नला, मानवतेही. तिथे चेंडू गवतावर असतो आणि काठीचं डोकं खाली जातानाच तो उचलायचा असतो. ड्रायव्हरचा चेंडू मात्र टीवर, जमिनीपासून वर बसवलेला असतो आणि डाव्या टाचेच्या रेषेत असतो. तिथपर्यंत काठी आपल्या वर्तुळाचा तळ ओलांडून वर निघालेली असायला हवी. क्रिकेटने घडवलेलं शरीर त्याच क्षणी चेंडूवर झुकतं, आपलं डोकं पुढे जातं आणि काठी वरून कापत येते. हे दुरुस्त करायला स्विंग नव्याने शिकावा लागत नाही. चेंडू जरा पुढे, टी जरा उंच, उभं राहताना उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, आणि फटका पुरा होईतो आपलं डोकं चेंडूच्या मागे. चारही गोष्टी चेंडू मारण्यापूर्वीच्या किंवा स्थिर राहण्याच्या आहेत. काठीचा खाली जाणारा उणे पाच अंशांचा कोन वर जाणाऱ्या अधिक पाचावर आणला तर ९० मैलांच्या स्विंगला हवेतल्या अंतरात वीसेक यार्डांचा फरक पडतो. एवढा मोठा बदल सहसा कोणाला जमत नाही, पण निम्मा जमला तरी पुष्कळ झालं.

आता खऱ्या स्विंगकडे. ज्वारीच्या राखणीला बसलेल्याने गोफण फिरवलेली ज्याने पाहिली आहे त्याला हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. गोफणीत हात सगळ्यांत वेगाने कधीच जात नाही. हात पुढे येतो, थबकतो, आणि त्याची गती दोरीत उतरते. त्रिमितीय कॅमेऱ्यांनी मोजलेल्या कसलेल्या गोल्फरांच्या स्विंगमध्ये हाच क्रम दिसतो : आधी कंबर वेग घेते, मग छाती, मग हात, शेवटी काठी, आणि पुढचा वेग घेत असताना मागचा मंदावत असतो. ते मंदावणंच महत्त्वाचं. कंबर चेंडूपर्यंत तशीच फिरत राहिली तर तिची गती तिच्याजवळच राहते. अंतर हरवलेला माणूस हा क्रम उलटा करतो. जोर लावायचा म्हणून उजवा खांदा आणि उजवा हात आधी सुटतात, काठी बाहेरून आत येते, चेंडू उजवीकडे वळत जातो, आणि वेगाचं शिखर चेंडू येण्याआधीच गाठून होतं. ऐकायलाही ते येतं. ड्रायव्हर उलटा धरून, बारक्या बाजूने हवेत फिरवला तर सूं असा आवाज होतो. तो आवाज उजव्या कानाशी आला तर वेग वाया गेला, डाव्या पायाच्या पुढे आला तर जागेवर आहे. चाचणीला खर्च नाही. जागा मात्र लागते. दिंडोशीतल्या फ्लॅटचं छत साडेनऊ-दहा फुटांवर, त्याखाली पंखा, आणि ड्रायव्हर जवळजवळ पावणेचार फुटांचा. तेव्हा सोसायटीची गच्ची बरी.

क्रम बिघडण्याचं दुसरं कारण हातात नाही, पाठीत आहे. खुर्चीच्या कडेवर बसावं, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, गुडघे जवळ, छातीवर आडवी काठी, आणि कंबर न हलवता वळावं. दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आसपास वळता यायला हवं. वर्षानुवर्षं मॉनिटरसमोर बसलेली पाठ बऱ्याचदा त्याच्या अलीकडेच अडते. अशा माणसाला मागे वळता येत नाही, म्हणून तो वळल्यासारखं करतो : कोपर दुमडतो, हात वर उचलतो, काठी डोक्यावरून पलीकडे जाते आणि आरशात भला मोठा बॅकस्विंग दिसतो. शरीर मात्र जागच्या जागी. इथे एक जुनी गोष्ट नव्याने मान्य करावी लागेल. जिम मॅक्लेन यांनी १९९२ मध्ये लोकांसमोर आणलेली ‘एक्स फॅक्टर’ ही कल्पना, म्हणजे खांदे खूप वळवायचे पण कंबर अडवून धरायची आणि त्या पिळातून वेग काढायचा, गेली तीस वर्षं शिकवण्यांमध्ये घर करून आहे. पंचविशीतल्या लवचिक पाठीला ती शोभते. पन्नाशीच्या ताठ पाठीला कंबर अडवून ठेवायला सांगितलं तर पीळ पडत नाही, फक्त वळण कमी होतं, आणि कधी कधी दुखणं येतं. त्यापेक्षा कंबर मोकळी सोडावी, डाव्या पायाची टाच मागे जाताना उचलू द्यावी. जॅक निकलस आयुष्यभर टाच उचलत आला आणि त्याच्या अंतराला कोणी नावं ठेवली नाहीत. टाच परत जमिनीवर टेकते तीच कमरेला आधी निघण्याची खूण ठरते, म्हणजे क्रमाचा प्रश्नही थोडाबहुत त्यात सुटतो. स्विंग दुरुस्त करणं म्हणजे दर वेळी पुढे जाणं नव्हे. इथे तर ते १९७० कडे मागे जाणं आहे.

वयापुढे कोणाचं काय चालतं, हा आक्षेप यावर येणारच. स्नायूंची झटक्यात काम करण्याची क्षमता वयाबरोबर निव्वळ ताकदीपेक्षा लवकर उतरते, हे खरंच आहे, आणि वेग त्याच क्षमतेवर जगतो. पण उतार म्हणजे कडा नव्हे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरीच्या आसपासच्या पुरुष गोल्फरांकडून आठ आठवडे तोल, लवचिकता आणि ताकदीचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या काठीचा वेग सरासरी जवळपास पाच टक्क्यांनी वाढला. ८५ मैलांचे ८९ झाले की दहाएक यार्ड. त्या अभ्यासात स्विंगला कोणी हात लावला नव्हता. फिल मिकलसनने २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नाशी ओलांडून जिंकली तेव्हा शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर त्याचा ड्राइव्ह ३६६ यार्ड गेला होता. तो अपवाद आहे, त्याच्याजवळ वेळ, पैसा आणि प्रशिक्षकांची फौज आहे, हे मान्य. त्या सत्तरीच्या मंडळींजवळ यातलं फारसं काही नसावं, म्हणून मला त्यांचा पुरावा जास्त वजनदार वाटतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे : स्विंगला हात लावणाऱ्यांनी खेळच घालवला त्याचं काय? इयान बेकर-फिंच हे नाव गोल्फमध्ये दबक्या आवाजात घेतलं जातं. १९९१ मध्ये रॉयल बर्कडेलला त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. मग आणखी लांब मारण्याच्या नादात स्विंग बदलत गेला, आणि १९९७ च्या ओपनमध्ये रॉयल ट्रूनला पहिल्याच फेरीत ९२ फटके घेऊन बाहेर पडला. पाड्रिग हॅरिंग्टनने २००७ आणि २००८ मध्ये मिळून तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, लगेच स्विंग उलगडायला बसला, आणि काही वर्षांत जागतिक क्रमवारीत तीनशेच्या खाली गेला. ही उदाहरणं उडवून लावता येत नाहीत. पण ती नेमकं काय सांगतात? दोघांचाही फटका मुळात चोख होता. चेंडू मधोमध लागत होता, कोन ठीक होता. त्यांच्या स्विंगमध्ये दुरुस्त करण्याजोगी गळती फारशी नव्हतीच, आणि जिथे गळती नाही तिथे पाइप उघडला की गळती सुरू होते. शिवाय दोघेही बदल करताना स्पर्धा खेळत होते. हात काय करतायत यावर लक्ष आणि समोर तिरकी हवा, ही दोन ओझी एकत्र वाहत होते. हौशी माणसाची गोष्ट उलटी असते. त्याच्याकडे गळती भरपूर आहे, आणि ती बहुतेक स्विंगच्या आधी आहे, उभं राहण्यात, चेंडूच्या जागेत, पाठीच्या ताठरपणात. हॅरिंग्टनचं पुढचं चरित्रही या वादात क्वचितच सांगितलं जातं : तो वेगाच्या मागे लागायचा थांबला नाही, आणि २०२२ मध्ये यूएस सीनियर ओपन जिंकला. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की रविवारी खेळायचं असेल तर शनिवारी स्विंग उघडू नये. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठीच आहेत.

नवा ड्रायव्हर घ्यावा, हा दुकानदाराचा सल्ला लवकर निकालात निघतो. तोंडाच्या उसळीची मर्यादा जुन्या आणि नव्या ड्रायव्हरला सारखीच आहे. नव्यात बाजूला लागलेल्या चेंडूचं नुकसान थोडं कमी होतं, आणि लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, किंवा दांड्याची लवचिकता चुकीची असेल तर ती सुधारून घेण्यात फायदा आहे. पण त्यासाठी आधी मोजायला हवं, आणि मोजलं की बहुतेकांना कळतं की काठी निर्दोष आहे.

राहिला सगळ्यांत आकर्षक आक्षेप : अंतर म्हणजे गोल्फ नव्हेच. बंगळूरच्या अदिती अशोकने टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, याचं जिवंत प्रात्यक्षिक दिलं. मैदानातल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्यांत ती होती, स्पर्धेच्या काही आठवडे आधी झालेल्या कोविडने तर आणखी ताकद नेली होती. तरी पटिंगच्या जोरावर ती चौथी आली, एका फटक्याने पदकाबाहेर. मराठी घरांमध्ये पहाटे उठून गोल्फ पाहिला गेल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग. पण अदितीचं उदाहरण अंतर निरर्थक ठरवत नाही, अंतर नसल्याची भरपाई किती महागात पडते ते दाखवतं. तिने नंतर स्वतःच अंतर वाढवण्यावर काम केलं. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदींवरून काढलेला हिशोब असा की वीस यार्ड जास्त मारल्याने अव्वल व्यावसायिकाचा फेरीमागे पाऊण फटका वाचतो, आणि नव्वदच्या घरात खेळणाऱ्याचे दीडाहून अधिक. म्हणजे अंतराची गरज कमकुवत खेळाडूलाच जास्त. पटिंग सुधारा, ड्रायव्हर सोडा, हा क्लबच्या बारमधला शहाणपणा आकड्यांना पटत नाही.

मात्र आपण खरोखर वीस यार्ड हरवले आहेत का, हे आधी पाहायला हवं, आणि मुंबईत हे पाहणं फसवं आहे. मे महिन्यात चेंबूरची जमीन दगडासारखी असते, टेकलेला चेंडू टुणटुण उड्या मारत पुढे जातो. जुलैत तोच चेंडू जिथे पडतो तिथेच चिखलात रुततो, घरंगळणं शून्य. मेमधल्या दोनशेवीसची जुलैतल्या दोनशेशी तुलना करून स्विंग बिघडला म्हणणं म्हणजे पाणी साचलं म्हणून गाडीचं इंजिन उघडणं. पुणं आणि नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरांवर. तिथली हवा विरळ, म्हणून तिथल्या फेरीत पाचेक यार्ड फुकट मिळतात आणि परतल्यावर ते ‘गेले’ असं वाटतं. तेव्हा हिशोब हवेतल्या अंतराचा ठेवावा, एकाच ऋतूत, एकाच मैदानावर. सिम्युलेटरवर अर्धा तास घालवला तर वेग, दीडपटीचं गुणोत्तर आणि कोन हे तिन्ही आकडे एकदम मिळतात, आणि पुढे काय करायचं ते बहुतेक वेळा त्या तीन आकड्यांतच लिहिलेलं असतं. गुणोत्तर १.४५ च्या खाली असेल तर व्यायामाचा विचारही नंतर करावा.

यंत्र नसेल तर व्हाइटबोर्डचा मार्कर चालतो. चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढायचा, तो ठिपका क्लबकडे करून चेंडू टीवर बसवायचा, मारायचं आणि ड्रायव्हरचं तोंड पाहायचं. शाई जिथे उमटली तिथे चेंडू लागला. दहा फटके मारले की ठसे मधोमध गोळा होतात की टाचेपासून टोकापर्यंत पसरतात ते समोर येतं. चेंबूरच्या क्लबातल्या कॅडींना, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या मदतनीसांना, हे शाईविना दिसतं. त्यांच्या वस्त्यांमध्ये वाकवलेल्या लोखंडी सळीचा क्लब आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन घरांच्या मधल्या बोळांतून गोल्फ खेळला जातो, आणि त्या खेळातून व्यावसायिक स्पर्धांपर्यंत गेलेलेही आहेत. बोट-दोन बोट रुंदीच्या सळीने चेंडू चुकला तर तो शेजारच्या पत्र्यावर वाजतो आणि जोरात चुकला तर कोणाच्या तरी कढईत जातो. तिथे आधी नेमका लागतो, मग लांब जातो. पावसाळ्यातल्या रविवारी पाचव्या टीवर एखाद्या साहेबांचा चेंडू पुन्हा दोनशेच्या अलीकडे चिखलात रुततो, साहेब खांदे चोळतात, आणि कॅडी काही न बोलता ड्रायव्हर हातात घेऊन टॉवेलने पुसण्याआधी त्याचं तोंड एकदा बघतो : डाग टाचेकडे, मधापासून पुरतं एक बोट.